वेतवालीची वेबसाइट

"वेबसाइटवर पाहिलं आणि आले," मावशी म्हणाल्या, आणि वेतवालीच्या हातातली वेताची पट्टी गळून पडली.

कुठली कोण मावशी! परगावाहून टॅक्सी करून आलेली, जाळी फाटलेली खुर्ची लेकरासारखी कवेत घेऊन. आणि वेबसाइट? या दुकानाची? वेताच्या खुर्च्या विणण्याचं हे दुकान वडिलांमागे तिनं नेटानं चालवलं. पण पलीकडून नवा रस्ता झाला आणि गल्लीत गिऱ्हाईक औषधालाही मिळेना. महिनाअखेर दुकान सोडायचं, दादाच्या गावी जायचं आणि त्याच्या ऑफिसात एक टेबल सांभाळायचं, असं ठरलं होतं. दारावर 'भाड्याने देणे आहे'ची पाटीसुद्धा लागली होती.

"मावशी, चुकून आलात हो. आमची वेबसाइट-बिबसाइट काही नाही."

"मग ही कोण?" मावशींनी फोन तिच्या नाकासमोर धरला.

तीच की! खाली मान घालून विणणारी... तिनं दुरुस्त केलेल्या खुर्च्या, आधी कशा होत्या, नंतर कशा झाल्या. पत्ता, नकाशा, दुकानाची वेळ. आणि सगळ्यात खाली लिहिलेलं – 'विणताना त्या गुणगुणतात. गिऱ्हाईक दिसलं की थांबतात. म्हणून जरा हळू या.'

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आपण गुणगुणतो? आणि ते... कुणी ऐकलं? काटा ओसरला तसा संताप वर आला. तिनं पानावरचा नंबर फिरवला.

घंटी वाजली. समोरच्याच चष्म्याच्या दुकानात!

ती आ वासून बघत राहिली. काचेपलीकडे चष्मेवाला पाठमोरा उभा होता. एरवी तिच्यासमोर दोन शब्द बोलताना अडखळणारा हा माणूस फोनवर लोण्यासारखा बोलला, "नमस्कार! वेतकाम दुरुस्ती. बोला, काय मोडलंय?"

"अजून काही नाही," ती दात आवळून म्हणाली. "पण एक डोकं फुटणार आहे. मागे वळा."

तो वळला आणि पांढराफटक पडला.

"बसा मावशी, आलेच!" म्हणून ती तरातरा गल्ली ओलांडून त्याच्या दुकानात शिरली.

"मला न विचारता?"

"चुकलो. पण ती पाटी वाचली आणि... राहवलं नाही."

"पाटी दिसते ना? मग हेही दिसत असेल, की या गल्लीत आता कुत्रं फिरकत नाही!"

"तेच तर म्हणतोय!" तो अचानक पेटला. "ज्यांच्या खुर्च्या मोडल्यात ते गल्लीबोळ धुंडाळत नाहीत हो. घरी बसून फोनवर शोधतात, आपल्या खुर्चीला कुणी वाली आहे का. त्यांना तुम्ही दिसायला नकोत? माझं दुकानही अशा वेबसाइटवरच तगलंय. परवा एका हॉटेलवाल्यानं विचारलं, सगळ्या खुर्च्या करून मिळतील का. म्हटलं, बाईंना विचारून सांगतो. आणि बाईंना विचारायची छाती..."

हॉटेलच्या सगळ्या खुर्च्या! तिला क्षणभर भोवळच आली. पण हार मानेल तर ती वेतवाली कसली?

"आणि नंबर तुमचा का?"

"तुमचा नव्हता माझ्याकडे."

"समोरासमोर दुकानं! मागता येत नव्हता?"

"आलो होतो मागायला. दर वेळी खुर्ची घेऊन आलो... आणि खुर्ची ठेवून परत गेलो."

"त्या तुमच्या मांजरानं ओरबाडलेल्या?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मांजर नाहीये माझ्याकडे."

"मग जाळी कुणी..."

"मी. स्क्रू-ड्रायव्हरनं."

"चांगला वेत फाडलात?" आता मात्र ती किंचाळलीच. न विचारता काढलेले फोटो एक वेळ माफ. पण धडधाकट वेत! "हाताला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना. पण तुमच्या दुकानात यायला दुसरं निमित्त सुचेना. तुम्ही गेलात तर... मला नाही चालणार. नाहीच चालणार." त्यानं मान खाली घातली. "रागावलात ना? आत्ता पुसून टाकतो सगळं."

"खबरदार!"

स्वतःच्या आवाजानं तीच दचकली. मग तिनं हात पुढे केला, "द्या तो फोन इकडे. नंबर बदलते."

तिनं स्वतःचा नंबर घातला. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे... माझं काम संपलं?"

तिनं स्वतःच्या फोनवरून दादाला फोन लावला.

"दादा, मी येत नाहीये... अरे, बरी आहे मी! कामं यायला लागलीत, दुकान चालेलसं दिसतंय... नाही, तेवढंच कारण नाही." ती थांबली. नजर त्याच्यावरून हलली नाही. "चष्म्याचं दुकान आहे त्याचं. समोरच... चांगला आहे रे. थोडा खुळा आहे."

पलीकडून दादानं काहीतरी विचारलं आणि ती खुदकन हसली.

"त्याला माहीत आहे का म्हणून काय विचारतोस? ऐकतोय की... तोंड उघडं टाकून!"