दोरापेक्षा पुढे

"दर पिढीला एक राजा, दर राजाला एक दोर… आणि फोड मात्र आमच्याच हाताला!"

आवाज इतका जवळून आला की राजकन्येला वाटलं, नावच बोलली.

त्या वेळी ती समारंभाच्या नावेत, कापडाच्या आच्छादनाखाली, अंगाचं मुटकुळं करून पडली होती. कारण आत्या. आत्या तिला सकाळपासून 'नावेत कसं बसावं' हे शिकवत होती, तेही दिवाणखान्यात, गालिच्यावर, खुर्चीत बसवून. पाठ ताठ, हनुवटी वर, वल्हं असं धरायचं की जणू हातपंखा. तिसऱ्यांदा "हनुवटी!" ऐकल्यावर राजकन्या पाणी पिऊन येते म्हणून उठली, ती थेट नदीकाठच्या नावघरात.

आणि आता फळीच्या पलीकडे, नावेच्या पोटाखाली, कुणीतरी उताणं पडून लोखंड घासत होतं.

"जाड हवा म्हणे, पण दिसायला नको. मजबूत हवा, पण आवाज करायला नको. दोर आहे की सून?"

राजकन्येला हसू आवरेना. तिनं तोंडावर हात दाबला, तरी नाकातून आवाज निघालाच.

घासणं थांबलं. आच्छादन उचललं गेलं. वरून एक चेहरा डोकावला. केसांत काथ्याची कुसळं, गालावर वंगणाचा पट्टा, आणि डोळे… डोळ्यांचं नंतर सांगते.

"कोण आहे?"

"मी… रंग देणारी."

"ब्रश कुठंय?"

"विसरले."

"आणि डबा?"

"तोही."

"कानात एवढाले मोती घालून रंग देता तुम्ही?" असं म्हणता म्हणताच त्याला उमगलं. तो घाईघाईनं सरळ झाला आणि वरच्या तुळईवर त्याचं डोकं असं आपटलं की कौलांवरची कबुतरं उडाली.

"लागलं?"

"नाही," तो डोकं चोळत म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे ते आणखीच चमकत होते. घ्या, डोळ्यांचंही सांगून झालं.

"कसला दोर म्हणालास?"

"कुठला दोर?"

"आत्ता म्हणालास तो."

"मी कामाच्या वेळी स्वतःशी बोलतो. बरंचसं खोटंच असतं."

ती खाली उतरली. वाकून तिनं नावेच्या पुढच्या टोकाखाली हात घातला. पाण्यात बुडणाऱ्या भागाला मुठीएवढी लोखंडी कडी होती. तासून, घासून, नव्यानं तेल दिलेली.

त्या दोरवाल्या पोरानं कपाळाला हात लावला.

त्या राज्याची रीत अशी: वारसदारानं विसाव्या वर्षी एकट्यानं नाव वल्हवत नदी पार करायची आणि पलीकडच्या दगडी पायऱ्यांवर पाऊल ठेवायचं. ठेवलं तर गादी त्याची, नाही तर पुढच्या भावंडाची. तिचे वडील असेच पार गेले होते, आजोबा गेले होते, पणजोबाही. सगळे नेमके मधल्या पायरीला लागले, कुणाचा पायमोजासुद्धा भिजला नाही. 'नदी आपल्या घराण्याला ओळखते' असं राजवाड्यात म्हणत.

नदी कुणाला ओळखत नव्हती. पाण्याखालून दोर जायचा, त्याच्या टोकाचा आकडा नावेच्या त्या कडीत अडकवलेला. पलीकडच्या बंद खोपट्यात रहाट होता, चार माणसं तो फिरवायची आणि राजा पुढे पुढे जायचा. हे राजकन्या सोडून सगळ्या राज्याला ठाऊक होतं. बोलायचं कुणीच नाही.

"बाबांनाही असंच ओढलं?" तिनं विचारलं.

त्यानं कडीवरचं जास्तीचं तेल बोटानं पुसलं. "त्यांचा दोर माझ्या आजोबांनी वळला होता," तो म्हणाला. "चांगला दोर होता."

राजकन्येला आधी रडू आलं, मग राग आला. पलीकडची माणसं दर वर्षी अर्ज घेऊन यायची: एकच गळकी नाव आहे, पूल बांधून द्या. आणि बाबा दर वर्षी मायेनं सांगायचे, "अहो, नदी इतकी काही अवघड नाही. मी स्वतः आलोय ना वल्हवत!" ती शेजारी बसून मान डोलवायची.

"मला वल्हवायला शिकव," ती म्हणाली.

"ही आज्ञा समजू की विनंती?"

"विनंती. नाही म्हणालास तर आज्ञा."

"मग हो म्हणण्यातच शहाणपण आहे," तो म्हणाला आणि हसला. आणि राजकन्येला उगाचच वाटलं, आत्यानं सांगितलं होतं तशी आपली हनुवटी आपोआप वर गेली आहे.

*

दुपारी राजवाडा झोपायचा. पहारेकरी भाल्याला टेकून डुलक्या घ्यायचे, आत्या पालथं पुस्तक तोंडावर ठेवून घोरायची. तेवढ्या दीड-दोन तासांत राजकन्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं निघून, भाजीच्या वाफ्यांमधून, दोरवाल्यांच्या लांबलचक पडवीत पोहोचायची. पडवी कसली, गल्लीच ती. या टोकाला चाक फिरवायचं आणि त्या टोकापर्यंत उलट पावली चालत पीळ देत जायचं. दोरवाल्याची आई दिवसभर अशी पाठमोरी चालायची.

"मी जन्मभर मागे चालले," ती म्हणाली, "म्हणून पुढचं मला सगळ्यांच्या आधी दिसतं." आणि तिनं मुलाकडे असं बघितलं की त्यानं उगाचच चाकाला तेल घातलं. दोन मिनिटांपूर्वीच घातलं होतं.

त्यांची एक लहानशी होडी होती. पहिल्या दिवशी राजकन्येनं तीत बसून वल्हं मारलं आणि होडी जागच्या जागी गोल फिरली. दुसरं मारलं, उलटी फिरली.

"वा," तो म्हणाला. "भोवरा."

"काय म्हणालास?"

"तुम्हाला नाही. होडीला."

"होडीला कशाला नावं ठेवतोस? ती बिचारी मी सांगेन तिकडे जातेय."

"तेच तर म्हणतोय."

तिनं वल्ह्यानं त्याच्या अंगावर पाणी उडवलं. नेमकं त्याच्यावर उडालं. त्या दिवशी तिचं पहिल्यांदाच काहीतरी नेमकं झालं होतं, त्यामुळे दोघांनाही आनंद झाला.

आठवड्याभरात तळहातांना फोड आले. त्यानं काही न बोलता वल्ह्यांच्या मुठींना मऊ सुताची दोरी गुंडाळली. फार सावकाश, एकेक वेढा बोटानं दाबत. ती त्याच्या हाताकडे बघत होती. त्याला ते कळत होतं. वेढे जरा जास्तच झाले.

एके दिवशी ती मधल्या धारेत उत्साहानं उभी राहिली — "बघ, आलं मला!" — आणि होडी कलली.

"अगं ए, बस खाली!"

ती धपकन बसली. 

"माफ करा," तो म्हणाला. "तोंडातून… एकदम…"

"अगं म्हणालास."

"हो."

"ए सुद्धा म्हणालास."

"…हो."

"मग आता परत अहो-जाहो केलंस तर मी उभी राहीन," राजकन्या म्हणाली. "मधल्या धारेत."

त्यानं तिला पाणी वाचायला शिकवलं. जिथं जायचंय तिकडे टोक धरायचं नाही, बरंच वर, प्रवाहाच्या उलट धरायचं. उरलेलं नदी बघते. चकाकणारं पाणी उथळ, गुळगुळीत पाणी खोल, आणि सुरकुतलेलं दिसलं की सावध. आणि एक दिवस ती म्हणाली, "आता मला आकडा सोडवायला शिकव."

त्याचे हात थांबले. "म्हणजे… दोर?"

"तुझ्या आई नावघरात आकडा अडकवतील. तू पलीकडे रहाटावर हाक द्यायला असशील. दोघांनी आपापलं काम करा, म्हणजे तुमच्यावर बोल नको. मधल्या धारेत मी सोडवीन."

"ताणलेला दोर सुटत नाही," तो हळूच म्हणाला. "चार माणसं ओढत असतात. तो सुटायचा तर सैल पडायला हवा. आणि सैल पडायचा तर…"

"तर?"

"तुला दोरापेक्षा पुढे जावं लागेल."

तिनं त्या रुंद पाण्यापलीकडे बोट दाखवलं. "आणि पायऱ्यांपाशी नाही लागले तर माझा चुलतभाऊ राजा होईल. त्याला शिट्टी वाजवण्याशिवाय काही येत नाही."

"भीती वाटते?"

"खूप. तसं झालं तर मी काय करीन? तुमच्याकडे दोर वळायला येईन."

"आमच्याकडे जागा नाही."

"हो का?"

"म्हणजे… आहे. पडवी मोठी आहे." तो वल्ह्याच्या मुठीशी बोलल्यासारखा बोलला. "आईला विचारून सांगतो."

"आईंना काय विचारायचंय? त्यांना तर पुढचं आधीच दिसतं."

त्याचे कान लाल झाले. तिनं मुद्दाम दुसरीकडे बघितलं, कारण तिचेही झाले होते.

*

समारंभाचा दिवस उन्हाचा होता. महाराज, आत्या, कारभारी, चुलतभाऊ आणि सगळी दरबारी मंडळी सकाळीच मोठ्या नावेतून पलीकडे जाऊन पायऱ्यांवर उभी राहिली होती. त्यांच्या मागे पलीकडच्या गावची माणसं, या वर्षीचा अर्ज खिशात घेऊन.

राजकन्येची नाव निघाली. पाठ ताठ, हनुवटी वर. आत्यानं समाधानानं डोळे टिपले.

खालून दोर ताणला गेला आणि नाव सरळ रेषेत चालू लागली. अगदी गुळगुळीत. काही न करता मिळत होतं सगळं! वल्ही नुसती पाण्याला गुदगुल्या करत होती.

मधली धार आली. पाणी सुरकुतलं.

तिनं हनुवटी खाली घातली, पाय फळीला रोवले आणि वल्ही मारली. अशी की काठावरची कुजबुज थांबली. एक, दोन, पाच, नऊ… खांद्यांतून कळ निघाली. दहाव्या हाताला नाव दोराच्या पुढे सरकली. वल्ही आत टाकून ती पुढच्या टोकावर पालथी पडली, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. कडी. आकडा. बोटं घसरली. पुन्हा धरला—

सुटला.

त्याच क्षणी नदीनं नाव धरली. राजकन्या परत वल्ह्यांवर येईपर्यंत पायऱ्या डावीकडे सरकल्या होत्या. तिनं टोक वर वळवलं आणि वल्हवत राहिली.

इकडे खोपट्यातल्या चौघांना काय ठाऊक? ते इमानेइतबारे रहाट फिरवतच होते. राजकन्या धारेत झुंजत असताना तिचा दोर एकटाच पलीकडे पोहोचला आणि ओल्या अजगरासारखा मधल्या पायरीवर चढला, सगळ्यांच्या देखत.

सगळ्यांनी आकाशाकडे बघितलं. आत्याला एकाएकी ढग आवडू लागले. कारभाऱ्यांनी शांतपणे अंगावरची शाल काढली, दोरावर टाकली आणि तिच्यावर उभे राहिले.

एकजण मात्र खोपट्याचं दार उघडं टाकून काठानं धावत सुटला होता.

पायऱ्यांच्या बऱ्याच खाली, कपडे धुण्याच्या दगडांपाशी, लव्हाळ्यात नाव येत होती. तो कमरेएवढ्या पाण्यात शिरला, हात पुढे केला… आणि थांबला.

"ओढू का?"

"खबरदार!"

त्यानं हात मागे घेतला. चार हात उरले होते. तीन. दोन. नाव चिखलात रुतली. राजकन्या उतरली ती थेट गुडघाभर गाळात. रेशमी परकराचं भजं झालं होतं, केसांत लव्हाळं.

"आले," ती म्हणाली.

"आलीस," तो म्हणाला. धाप लागून त्याला पुढे बोलता येईना.

"तू कशाला धापा टाकतोस? वल्हवलं मी."

"धावलो."

"का?"

"दोर सुटला की… दोरवाल्यानं धावायचं असतं."

"खरं सांग."

त्यानं तिच्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, वल्ह्याकडे नाही, पाण्याकडे नाही.

"तू बुडशील अशी भीती वाटली म्हणून," तो म्हणाला. "आणि नाही बुडलीस, तर सगळ्यांच्या आधी मला दिसावीस म्हणून. आजच नाही… रोजच. रोज सगळ्यांच्या आधी."

राजकन्येनं सोललेला, रक्ताळलेला तळहात पुढे केला. "आता धर," ती म्हणाली. "आता ओढलंस तरी चालेल."

त्यानं धरला. ओढायची गरजच पडली नाही.

*

तेवढ्यात सगळी मंडळी येऊन पोहोचली. पुढे कारभारी, खाकरत. मागे महाराज, धोतराचा सोगा हातात धरून. त्यांच्या मागे सगळं गाव.

"कुमारी, तो हात सोडा," कारभारी म्हणाले.

"नाही सोडणार."

"ठीक आहे. तो विषय वेगळा." त्यांनी कागद उलगडला. "रीत स्पष्ट आहे. पाऊल पायऱ्यांवर पडायला हवं. आजवरचा प्रत्येक राजा नेमका पायऱ्यांवर उतरला. कुमारी इथं… धुण्याच्या दगडांपाशी उतरल्या आहेत. तेव्हा नाइलाजानं, गादी—"

चुलतभावानं शिट्टी वाजवायला ओठांचा चंबू केला.

"थांबा," महाराज म्हणाले.

त्यांनी लेकीकडे बघितलं. चिखलाकडे, फुटलेल्या फोडांकडे, त्या घट्ट धरलेल्या दोन हातांकडे. मग वळून अर्जवाल्या माणसांकडे.  आत्यानं त्यांची बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली.

"नदी सोपी आहे, असं मी तुम्हाला इतकी वर्षं सांगत आलो," महाराज म्हणाले. "मला काय ठाऊक, बाबांनो? ती पार करणारी ही आमच्या घरातली पहिलीच. मी कधी वल्हवलंच नाही. मला दोरानं ओढून नेलं होतं."