केसरच्या गाठी

"आज मासळी नको हो!" टोपली बघून नवा डॉक्टर म्हणाला.

"विकतंय कोण? आजारी हाय ती!" गोदू कोळीण फणकारली आणि तिनं फडकं दूर केलं. आत पांढरीशुभ्र उंदरीण, केसर.

अठ्ठावन्न साल. अलिबागच्या गुरांच्या दवाखान्यात बैल यायचे, शेळ्या यायच्या. उंदीर हा पहिलाच. रांगेतले शेतकरी हसले. डॉक्टर म्हात्रे मात्र हसला नाही. त्यानं केसरला अलगद तळहातावर घेतलं, उलटं केलं... आणि कानापर्यंत लाल झाला.

"शेपटीखाली दोन गाठी आल्यात. मागल्या महिन्यात न्हवत्या."

"हं... बघू. पुढच्या सोमवारी आणा."

औषध नाही, पट्टी नाही, नजरसुद्धा वर नाही! गोदूला काही हे बरं दिसेना.

दुसऱ्या सोमवारी त्यानं खिशातून केसरसाठी शेंगदाणे काढले, गोदूसाठी खुर्ची पुसली. पण गाठींचा विषय निघाला की स्वारी खिडकीबाहेर बघायची! खुर्ची कशाला पुसतो मेला? केसरला ठेवून घ्यायचा, कापून बघायचा डाव तर नसेल? मुंबईत म्हणे कापतात असले उंदीर. आणि डोळे बघा कसे भोळे! ते आठवले की जाळं विणताना तिची गाठ चुकायची, मग ती आणखीच चिडायची.

तिसऱ्या सोमवारी पुन्हा तेच, "बघू..."

"बास झालं!" गोदूचा आवाज फुटला. "माझ्या आयच्या छातीत गाठ व्हती. तो डॉक्टर पण बघू-बघूच म्हणत ऱ्हायला. सहा महिन्यांत गेली ती. घर खायला उठायचं, म्हणून बानं मला ही आणून दिली. ही मरणार असंल, तर आजच सांगा."

म्हात्रेचा चेहरा पडला.

"अहो, नाही! गाठी नाहीतच त्या. ठणठणीत आहे केसर. फक्त ती... ती नाही. तो आहे. वयात आलाय."

गोदू बघतच राहिली. मग अशी हसली, की दारातली म्हैस बिथरली. हसता हसता पदरानं डोळे पुसत राहिली, आणि पाणी काही थांबेना.

"मेल्या, येवढं सांगायला तीन सोमवार?"

"तुम्हाला कसं सांगायचं, तेच कळेना. आणि... सांगितलं असतं, तर तुम्ही परत आला असतात?" त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "रविवारी तुमच्या वडलांना भेटायला येऊ?"

तिनं टोपली उचलली.

"बघू," ती म्हणाली. दारापर्यंत गेली... थांबली, टोपलीतल्या केसरकडे बघितलं.

"धक्क्याजवळ शेवटचं घर. शेंगदाणे घेऊन या. केशवरावांना आवडतात."