चंद्रावरून आलेला चाफा

डिसेंबरात नंदाखाल गावच्या केळीच्या वाड्यांमध्ये धुकं असं शिरतं की केळ माणसासारखी दिसायला लागते आणि माणूस केळीसारखा. म्हणूनच त्या संध्याकाळी मयूरला वाटलं, आपल्या वाडीच्या कडेला एक केळ वाकून राख भरतेय.

मग केळ खोकली.

जवळ जाऊन बघतो तर एक मुलगी. नाकाला ओढणी बांधलेली, हातात डबा आणि पिठाची चाळण. झावळ्या जाळलेल्या ढिगातली राख चाळून घेत होती.

“ती राख नको घेऊ,” मयूर म्हणाला.

“का? तुझी आहे?”

“आजोबांची.”

“मग त्यांना विचारून घेते.”

“विचार ना. तेच आहेत त्यात.”

साफ थाप. हिरामण आजोबा त्या उन्हाळ्यात गेले होते हे खरं, बाकी सगळं बंडल. पण दिवसाला एक थाप मारल्याशिवाय मयूरला जेवण पचायचं नाही, आणि ही खोड त्याला आजोबांनीच लावलेली. मुलीने ओढणी खाली केली. डोळे असे काळेभोर, की मयूर हसायचंच विसरला.

“सॉरी हां, आजोबा,” ती राखेला म्हणाली. “थोडंसंच नेते... चंद्रावर.”

आणि धुक्यात गेली. मयूरच्या अंगावर सर्रकन काटा आला. थाप त्याची, काटाही त्यालाच.

दुसऱ्या दिवशी शोधत गेलाच. मुलीचं नाव जॉयस. तिच्या अंगणात नाताळचा गोठा मांडलेला, म्हणजे बाळ येशू, मेंढपाळ, तीन राजे. पण बाजूला तिने आख्खा चंद्र केला होता, त्या राखेचा. त्यावर पत्र्याचं यान. यानाचा हात राखेत जायचा, चिमूटभर उचलायचा, डबीत टाकायचा. डबी दोरीवरून वर जायची, तिथे लटकलेल्या दुसऱ्या यानाला टेकायची आणि दुसऱ्या दोरीवरून घसरत खाली यायची... थेट गव्हाणीपाशी.

“तीन राजे सोनं, ऊद, गंधरस आणतात,” जॉयस म्हणाली. “हा चौथा. हा माती आणतो. चीनने चंद्रावरून खरीच आणलीय. आपलं यानही जाणारे म्हणे. माणूस नाहीच, नुसतं मशीन.”

“आणि ते वरचं काय करतं?”

“थांबतं. खालचं यायची वाट बघत गोल गोल फिरतं.”

“खालचं आलंच नाही तर?”

जॉयसने त्याच्याकडे बघितलं. “वरचं किती थांबणार... निघून जातं.”

जानेवारीत तीन राजांचा सण झाला की ती बंगळुरूला नोकरीवर निघणार होती. मयूर रोज संध्याकाळी यायचा. मोटर नीट कर, दोरी ताण, काहीतरी निमित्त. थापांचा एवढा बादशहा, पण खरं एक वाक्य तोंडातून निघेना. आजोबा म्हणायचेच, “मयऱ्या, तुझ्याच्याने पोरीशी बोलणं व्हायचं नाही. मलाच मेल्यावर येऊन तिला चाफा द्यावा लागेल.” कानावर कायम सोनचाफा खोचलेला असायचा त्यांच्या.

मग एका संध्याकाळी डबी खाली आली. जॉयसने उघडली. राखेत सुपारीचं खांड, अडकित्त्याने कापलेलं.

“चंद्रावर सुपारी असते?” तिने हळूच विचारलं.

मयूरने खांड बोटांत फिरवून बघितलं. अशीच जाड कातरायचे आजोबा.

दुसऱ्या दिवशी लवंग आली. सुपारीबरोबर ते चघळायचे, तशीच. मोटर घरघर करायची आणि त्या घरघरीत मयूरला आजोबांचा दम्याचा श्वास ऐकू यायला लागला. घरी जाताना तो धुक्यात मागे वळून बघायचा. केळी उभ्या. एखादी जरा जास्तच वाकलेली.

सणाची संध्याकाळ आली. आता बोललो नाही तर संपलं, हे त्याला कळत होतं. खरं सांगितलं तर हाकलून देईल, हेही कळत होतं. जॉयसने डबी फडक्याने पुसून लावली, मोटर सुरू केली.

“जॉयस, थाप होती ती. आजोबा नाहीयेत त्यात. त्यांना अर्नाळ्याच्या समुद्रात सोडलं आम्ही. नुसत्या झावळ्या आहेत.”

“माहितेय.”

“काय माहितेय?”

“मी नंदाखालची आहे रे, चंद्रावरची नाही. राख समुद्रात सोडतात एवढं कळतं मला. आणि तुझे आजोबा आगाशीच्या बाजारात माझ्या मम्मीला चाफा विकायचे. सुपारी चघळत. मीच ठेवली सुपारी. लवंग पण. तुझा चेहरा बघायचा होता.”

मयूर पोट धरून हसला. तीही हसली. तेवढ्यात लाईट गेली. गावातले सगळे कागदी तारे एकदम विझले. मोटर थांबली.

अंधारात दोरी करकरली.

डबी वरून घसरत आली आणि गव्हाणीला टेकली. आणि वास आला. ओळखीचा, गोड, गार.

जॉयसने मोबाईलचा उजेड धरला. राखेत सोनचाफा होता. ताजा, देठाशी ओला.

“हा पण तूच ना?” मयूर पुटपुटला.

“तुझ्यासमोर डबी पुसली मी... तू?”

“आमच्या झाडाला दिवाळीपासून फूल नाही.”

जॉयसचा हात त्याच्या हातात कधी आला, कुणालाच कळलं नाही.

“आजोबा म्हणायचे...” मयूरने तिचा हात घट्ट धरला. “माझ्याच्याने बोलणं व्हायचं नाही म्हणून. पण बोलतो. तू मला आवडतेस. बंगळुरूला जा, कुठेही जा. मी वरच्या यानासारखा थांबतो. निघून नाही जाणार.”

“थाप?”

“नाही.”

तिने चाफ्यावरची राख फुंकली आणि फूल त्याच्या कानावर खोचलं.

“आजोबा,” ती अंधाराकडे बघत म्हणाली, “चाफा पोचला हां.”

लाईट अजून आली नव्हती. तरी यानाचा हात एकदाच, सावकाश खाली गेला आणि राखेवर टेकून राहिला... दमलेल्या माणसाने टेकावा तसा.