उजव्या पायाचा नकाशा

घाबरायला रात्रच लागते असं नाही. त्या दिवशी टळटळीत दुपार होती आणि काम रोजचंच. फुगलेल्या शिरांचे पेशंट यायचे, मी सोनोग्राफीत त्यांचे पाय बघायचे. कोणती शीर कुठे वळते, कुठे फाटा फुटतो, ते कागदावर रेखायचं. आमचे सर्जन अभ्यासासाठी असे नकाशे जमवत होते. सत्तरएक तरी माझ्याच हातचे. एकासारखा दुसरा नाही. "तुला माणसं तोंडावरून नाही, पोटरीवरून आठवतात," असं आमच्या घरी चेष्टेने म्हणतात.

इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या एक बाई दुसऱ्यांदा आल्या होत्या. उद्या उजव्या पायाचं ऑपरेशन, म्हणून आज शिरेवर पेनाने खुणा करायच्या होत्या. सोबत नवरा. मी बाईंना विचारावं आणि उत्तर त्याने द्यावं, असं चाललं होतं.

पडदे ओढून खोलीत अंधार केला. बाईंना स्टुलावर उभं केलं, जेल लावलं, उजव्या मांडीवर मशीनचा प्रोब टेकवून गुडघ्यामागे नेला आणि माझा हात थबकला.

दोन महिन्यांपूर्वी इथे एकच सरळ शीर होती. आता दोन. गुडघ्यामागे एकमेकींना वेढा घालून खाली उतरत होत्या. शीर फुगते, बुजते, पण इतक्यात नवा रस्ता कुठून काढणार?

मी नवऱ्याकडे बघितलं. तो मशीनच्या स्क्रीनवर नजर लावून उभा. बायकोच्या नावावर दुसरीच कुणी उभी केलीय की काय?

"जरा बाहेर थांबता का?"

"कशाला? ती एकटी घाबरते."

"दोनच मिनिटं."

तो गेला, पण दार अर्धवट लोटून. मी ते नीट लावलं आणि डावा पाय तपासला. जुन्या नकाशाशी तंतोतंत जुळला, अगदी बारीक फाट्यापर्यंत. म्हणजे बाई त्याच होत्या.

"मॅडम..." त्या कुजबुजल्या. "तुम्हालाही कळलं ना?"

"काय?"

"हा माझा नाही." उजव्या पायाकडे त्या बघतही नव्हत्या. "दीड महिना झाला. सकाळी उठले आणि... ह्यांना सांगितलं तर म्हणतात, डोकं फिरलंय तुझं. म्हणून तर मला कुठे बोलू देत नाहीत."

मला तो वेढा आठवत होता. कुठेतरी मीच काढला होता. कपाटातला गठ्ठा उपसला. बेचाळीस नंबरचा नकाशा. एका कंडक्टर बाईंचा, उजवा पाय. त्या ऑपरेशनला आल्याच नव्हत्या.

बाजूच्या खोलीतून त्यांच्या घरी फोन लावला. भावाने उचलला.

"ताई गेली हो... दीड महिना होईल आता."

"कशाने?"

"झोपेतच. पाय जड झालाय म्हणून लवकर आडवी झाली होती..."

मी फोन ठेवला.

सर्जन सरांना सांगितलं तर ते हसले. "कागदांची अदलाबदल झाली असेल. चला, मीच बघतो."

त्यांनी उजव्या घोट्याजवळच्या धमनीवर प्रोब धरला. स्पीकरमधून ठोका येऊ लागला. सूं... सूं... दुसऱ्या हाताने सहज म्हणून त्यांनी बाईंचं मनगट धरलं. घड्याळाकडे बघितलं. पुन्हा बघितलं. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"तुम्ही धरा," ते हळूच मला म्हणाले.

माझ्या बोटांखाली बाईंची नाडी भेदरून धावत होती. आणि पायातला ठोका संथ... लांब लांब... गाढ झोपलेल्या माणसाचा असावा तसा.

सरांनी मशीन बंद केलं. माझ्याकडे न बघताच दार उघडलं आणि नवऱ्याला म्हणाले, "मशीन बिघडलंय. ऑपरेशन तूर्त नाही. घरी न्या यांना."

"चल गं," नवरा दारातून म्हणाला.

बाई स्टुलावरून उतरल्या होत्या, पण जागच्या हलायला तयार नव्हत्या. दोन्ही हातांनी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. डोळे माझ्यावर. डावा पाय फरशीत रुतल्यासारखा.

उजव्याने मात्र दाराकडे पाऊल टाकलं होतं.