सव्वा मूठ

श्रावणातल्या शनिवारी सकाळी सुनंदा ओसरीवर गहू निवडत बसली होती. रेशनचा गहू. त्यात खडे होते, काडीकचरा होता आणि पोत्याचा उग्र वास होता. समोर पांझरेला गढूळ पाणी आलं होतं आणि पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं.

"गहू निवडी ऱ्हायनी का पुस्तक वाची ऱ्हायनी, मास्तरीनबाई?" शेवंताबाईनं आतून विचारलं.

सुनंदानं मांडीवरचं पुस्तक मिटलं. शेवंताबाई या घरची सुईण आणि स्वयंपाकीणही. सुनंदाला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्यामुळे जळगावच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणपणाचा तिच्यावर काडीचाही वचक नव्हता.

धुळ्याबाहेर, नदीकाठी, हे कौलारू घर सुनंदाच्या आईनं, भागाबाईंनी, उभं केलं होतं. विधवेला, टाकलेलीला, फसलेलीला दिवस गेले आणि तोंड लपवायला जागा उरली नाही, की तिनं इथं यावं, बाळंत व्हावं, हवं तर राहावं, नाही तर गावी जावं. मुलाला कुणी दत्तक घेईपर्यंत घर सांभाळेल. बाप कोण हे मात्र कुणी विचारायचं नाही. भागाबाईंचा तेवढा नियम कडक होता.

गावात त्याला कानबाईचं घर म्हणत. कानबाई खानदेशात घरोघर बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडायची, घरातल्या प्रत्येक माणसामागे सव्वा मूठ गहू मोजून दळायचा, त्याचे रोट भाजायचे आणि ते घरच्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायचे. परक्याला त्यातला तुकडाही द्यायचा नाही. भागाबाईंनी सगळं घर या रिवाजावर उभारलं होतं. नवी बाई उंबऱ्याशी अडखळली की त्या म्हणायच्या, "तुझी मूठ मोजली, की तू घरची. मग तुला इथून उठवणारं कोण?" कुठल्या कुठल्या गावच्या, कुठल्या कुठल्या जातीच्या बाया मग एका टोपलीतले रोट खायच्या.

जिवंत माणसांच्या मुठी झाल्यावरही भागाबाईंचा हात थांबत नसे. मागचं दार उघडं ठेवून त्या निंबाकडे बघत आणि मोजत राहत. "ही तुझी. ही तुझी." जी मुलं जगली नाहीत ती त्या निंबाखाली पुरलेली होती. त्यांना नावं नव्हती. लहानपणी सुनंदानं विचारलं होतं, "मग ते रोट खातं कोण, माय?"

"घरचेच खातात की," असं म्हणून आई हसली होती. हसली की तिच्या वरच्या ओळीतली फट दिसायची. विहिरीच्या रहाटाचा दांडा लागून पुढचा दात गेला होता. भाकरीला तिनं तोंड लावलं की चाव्याच्या मधोमध जिभेसारखा एक तुकडा उरायचा. तो तुकडा सुनंदाचा. आईच्या ताटातला तो तेवढा तुकडा खाण्यासाठी ती शाळेतून धावत यायची.

आई चैत्रात तापानं गेली. घराचा खर्च बघणाऱ्या मंडळाचे लीलाधर नाना म्हणाले, "दिवाळीपर्यंत तुम्ही बघा, ताई. मग दुसरी बाई नेमू." सुनंदानं रजा काढली. या घरात आईचं लुगडं अजून दांडीवर होतं. ते काढायचं सुनंदाच्या मनात रोज यायचं आणि रोज राहून जायचं.

दुपारी मुठी मोजायला बसल्या. घरात त्या वेळी दिवस भरत आलेली एकच बाई होती. कमल, यावलकडची, केळीच्या बागा असलेल्या घरची. नवरा कधीच गेलेला. भाऊ तोताराम तिला सोडून गेला तेव्हा गाडीतून खालीसुद्धा उतरला नव्हता. पौर्णिमेनंतर तो न्यायला येणार होता, एकटीला.

पहिल्या दिवशीच कमल म्हणाली होती, "मले परत जा लागीन, ते मले माहीत हाये. पन हे जगलं पायजे, ताई. येवढंच पाहा तुमी." त्यानंतर तिनं काहीच मागितलं नव्हतं.

सुनंदानं डब्यात हात घातला. शेवंताबाईची मूठ सुपात पडली. कामाला राहिलेल्या दोघींच्या पडल्या. स्वतःची पडली. कमलची पडली.

"याची बी," कमल पोटावर हात ठेवून लाजत म्हणाली.

"याची पण," सुनंदानं मोजली आणि डब्याचं झाकण उचललं.

शेवंताबाई जात्याशी खुंटा धरून बसली होती. ती हलली नाही.

"आनि त्यासनी?"

"अक्का, पोत्यावारी गहू येत होता ते दिवस गेले. लढाई चालू आहे. रेशन जिवंत माणसांपुरतं मिळतं. कार्डावर मेलेल्यांची नावं नसतात."

"आनि तुन्ही मायनी मूठ?"

सुनंदाचा हात डब्यातच राहिला. गहू मुठीत आला होता. तो गार होता. मग तिनं बोटं सैल केली आणि झाकण लावलं.

"बठ्ठासना वाटा ऱ्हास, पोरी, जित्यासना बी, मेल्यासना बी," शेवंताबाई जात्याकडे बघत म्हणाली. "आपुन कापनारा कोन?"

रविवारी कानबाई बसली, सोमवारी पांझरेत गेली. रोट कापडात बांधून माजघरातल्या शिंक्यावर ठेवले होते. पोटातल्या बाळाचा रोट वेगळ्या पांढऱ्या फडक्यात होता. बाळंत झाल्यावर त्याच्या वतीनं आईनं तो खायचा, असं भागाबाईंच्या वेळेपासून चालत आलं होतं.

दोनच दिवसांनी कमलला मुलगा झाला. चांगला खणखणीत रडला. शेवंताबाई म्हणाली, "आयकं का? याना आवाज पार शिरपूरले गया!" आणि कमल घामानं निथळत हसली.

शेवंताबाईनं शिंक्यावरून पांढरं फडकं काढलं, सोडलं आणि तशीच उभी राहिली.

रोटाची कड सगळीकडून ओली झाली होती. ती कुरतडलेली नव्हती. दाताची एकही खूण नव्हती. चोखून चोखून पातळ झाल्यासारखी ती मऊ लिबलिबीत दिसत होती.

"ओल लागली," सुनंदा म्हणाली. "श्रावण आहे."

"बाकीना रोट सुका शेतस," शेवंताबाई म्हणाली.

त्या दिवसापासून मूल पिईना. कमलचा पान्हा चोळी भिजवून पदरावर उतरत होता. ती त्याला छातीशी धरायची, ते तोंड फिरवायचं आणि हवेतच ओठ हलवायचं, समोर काहीतरी आहे आणि ते लांब सरकतंय असं. कापसाच्या बोळ्यानं दिलेलं दूध गालावरून ओघळून जायचं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर येऊन गेले. टाळू बघितली, जीभ बघितली, छाती ऐकली. "दोष काही दिसत नाही," ते म्हणाले आणि सुनंदाकडे न बघता हात धुऊ लागले.

दुसऱ्या दिवशी शिंक्यावरचे आणखी रोट ओले निघाले. सुनंदानं घुशीचं बीळ शोधलं. छताचं कौल तपासलं. कुठे पाण्याचा थेंब नव्हता. तिनं उरलेले रोट आईच्या पत्र्याच्या पेटीत ठेवले, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि भर दुपारी पेटीला पाठ टेकून पुस्तक उघडून बसली.

घरात सगळं शांत होतं. अंगणात कोंबड्या होत्या. आतल्या खोलीत कमल मुलाला समजावल्यासारखं काहीतरी पुटपुटत होती.

मग पाठीला काहीतरी जाणवलं. आवाज कानाला नंतर आला, आधी पत्र्यातून पाठीला कळला. बारीक, घाईघाईचा, चुळुक, चुळुक. अंगावर पिणाऱ्या मुलाचा असतो तसाच होता तो. फक्त एका मुलाचा नव्हता.

तिनं कुलूप काढलं.

सगळ्या रोटांच्या कडा ओल्या होत्या. तिनं बोट लावलं. ओल कोमट होती.

तळाशी एक रोट सुका होता. त्याला कुणीतरी चावा घेतला होता, मोठ्या माणसाचा, दातांचा. चाव्याच्या मधोमध जिभेसारखा एक तुकडा उरला होता.

सुनंदा त्या तुकड्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. आईचं शेवटचं आजारपण तिला आठवलं. तेव्हा अन्न घशाखाली उतरत नव्हतं. आई उपाशी गेली होती.

पौर्णिमेच्या सकाळी मुलाचं रडणं थांबलं. ते नुसतं बघत होतं. हातापायांवर कातडी सैल पडली होती.

सुनंदानं गव्हाचा डबा ओसरीवर आणला. महिना काढायचा होता त्यात. तिनं मागचं दार सताड उघडलं. शेवंताबाई जात्याशी जाऊन बसली.

"ही तुझी," सुनंदा म्हणाली. आवाज आईसारखा निघाला नाही. "ही तुझी."

निंबाखाली किती जण आहेत, ते तिला ठाऊक नव्हतं. पण दाराशी चुळबूळ होती. दिसत काही नव्हतं, भरल्या घरात लहान मुलं पाटावर बसताना होते तशी नुसती चुळबूळ. प्रत्येक मुठीबरोबर ती थोडी कमी होत होती. ती थांबेपर्यंत सुनंदा मोजत राहिली.

मग दारात कुणी नव्हतं. म्हणजे एकच जण होतं, आणि ते चुळबूळ करत नव्हतं. ते शांत उभं होतं.

सुनंदानं डब्यात बघितलं. तळाशी एकाच वाट्याचे गहू होते.

"ताई!" आतून कमल ओरडली. "यानं डोये फिरवले व! ताई!"

सुनंदानं मूठ भरली. दाराकडे बघायचं तिनं टाळलं.

"ही बाळाची," ती म्हणाली.

जातं फिरू लागलं.

तव्यावरून पहिला रोट उतरला तेव्हा आतून कमलचं हसणं की रडणं ऐकू आलं. "पेतं हाये! ताई, पेऊन राह्यलं!" सुनंदा दारापर्यंत गेली. मुलाची मूठ आईच्या चोळीवर घट्ट होती आणि त्याच्या कानामागची शीर घोट घेताना हलत होती.

चुलीशी परत आल्यावर शेवंताबाईनं विचारलं, "आनि तुन्ही माय?"

"ती समजून घेईल, अक्का. तिनंही हेच केलं असतं."

"तिनी कयं असतं," शेवंताबाई पीठ मळत म्हणाली. "पन भूक काय समजस, पोरी?"

पौर्णिमा झाल्यावर तोताराम आला. याही वेळी तो गाडीतच बसून राहिला. कमलनं मूल शेवंताबाईच्या ओटीत दिलं, त्याच्या तळपायाला ओठ लावले आणि पदर छातीवर दुहेरी ओढून घेतला, ओल दिसू नये म्हणून. गाडी वळेपर्यंत तिनं मागे बघितलं नाही. मूल शेळीच्या दुधावर राहिलं आणि गुटगुटीत झालं. दिवाळीनंतर नवी बाई आली. सुनंदानं दांडीवरचं लुगडं घडी करून पिशवीत घातलं. निघताना मुलानं तिचं बोट धरलं होतं.

जळगावात शाळेजवळ तिची एक खोली होती. परतल्यावर पहिल्याच सकाळी तिनं भाकरी केली, ताट घेतलं आणि लोणच्याच्या बरणीसाठी मागे वळली. परत बघते तो भाकरीला चावा घेतलेला. मधोमध जिभेसारखा तुकडा.

ती भीतीनं ओरडली नाही. उरलेली भाकरी तिनं खाल्ली. तो तुकडा शेवटी खाल्ला, लहानपणी खायची तसा.

मग ते रोजचं झालं. तिनं दुसरी भाकरी वेगळ्या ताटात ठेवून बघितली. तिला कुणी तोंड लावलं नाही. जे काही खाल्लं जायचं ते तिच्याच ताटातलं आणि रोज थोडं जास्त. शाळेत मोठ्या बाई म्हणाल्या, "सुनंदाबाई, तुमच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. घरी जेवता ना?"

"जेवते की," ती म्हणाली. "आम्ही सकाळीच जेवतो."

पौषातल्या एका सकाळी तिनं कळण्याची, ज्वारी-उडदाची, भाकरी केली. गरम होती. ताट पुढ्यात ठेवून ती पाण्याचा तांब्या घ्यायला उठली. परत बसली तेव्हा चावा होता, नेहमीसारखा, मधे जीभ असलेला.

त्याच्या शेजारची कड ओली होती.

तिनं बोट लावलं. कड चोखून पातळ झाली होती, लिबलिबीत आणि कोमट. तिनं बोट नाकाशी नेलं. शेळीच्या दुधाचा वास होता.

तिनं ताट हळूच फिरवलं, भाकरीची कोरडी बाजू पलीकडे येईल असं, आणि हात मांडीवर ठेवून बसली. धुळ्याहून निरोप घेऊन येणारी गाडी यायला अजून अवकाश होता.