तोडगा: रुग्णाला जागे ठेवावे

अवंती ढोमणेचा फायदा साधा होता. दोषशोधकाची नवी आवृत्ती संध्याकाळच्या आत बाहेर पडली, तर ती गटप्रमुख होणार, विभागाच्या मोहरीलसाहेबांच्या दारासमोरची ती हाकेच्या अंतरावरची खुर्ची सुटणार, आणि सासूबाईंना ऐकवायला एकदाचं काहीतरी मिळणार. तिसरी बाब तिच्या लेखी सगळ्यात मोठी होती.

दोषशोधक म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामच्या चुका हुडकणारा प्रोग्राम. चालता प्रोग्राम तो हव्या त्या ओळीवर उभा करतो. त्या जागेला म्हणायचं थांबा. मग आत काय बिघडलंय ते निवांत बघता येतं. नागपूरच्या या कंपनीनं तो 'श्वासदूता'साठी बनवला होता. झोप लागली की ज्यांचं शरीर श्वास घ्यायलाच विसरतं, अशांच्या छातीत बसवायचं ते यंत्र. झोपेत प्रत्येक श्वासाची आठवण तेच करून देई. नवी आवृत्ती या यंत्राला माणसाच्या अंगात असतानाच, दुरून जोडता येत होती. जाग्या माणसाचा श्वास आपला आपण चालतो, म्हणून तो जागा असेतो थांब्याची भीती नव्हती.

कंपनीत एक रीत होती. दोष तसाच ठेवून त्यातून वाट काढायचा तोडगा लिहिला की तो दोष उरत नसे, 'ज्ञात अडचण' होई. आणि ज्ञात अडचणींपायी आवृत्ती अडवत नसत. साहजिकच दोष काढणाऱ्यांपेक्षा तोडगे लिहिणाऱ्यांना भाव जास्त. अवंतीचा हात त्यात भलताच सफाईदार.

दुपारी डॉक्टरांसमोर प्रात्यक्षिक झालं. फोनवर होते रामटेकचे नरहर उईके, वनखात्यातले निवृत्त रक्षक, छातीत श्वासदूत बसवलेले.

"थांबवलं, उईकेकाका. काही जाणवतंय?"

"काहीच नाही ना, पोरी. मेलो असीन तर तसं सांग!"

सगळे हसले. अवंतीनं जोडणी तोडली, टाळ्या वाजल्या.

"बरं, आता वरणभात खातो अन् पडतो आडवा," उईके म्हणाले.

"घरी कोण असतं?" एका डॉक्टरांनी सहज विचारलं.

"मी अन् पंखा."

डॉक्टर जेवायला गेले. अर्ध्या तासानं शेजारच्या टेबलावरच्या इमरान तांबोळीनं मान वर केली. "थांबा काढून मग जोडणी तोडलीस ना?"

"तोडली की तो आपोआप निघतो."

"कधीकधी निघत नाही. चौथी ज्ञात अडचण. तोडगा तूच लिहिलायस."

तिनं लिहिलं होतं: थांबा मागे राहू शकतो, यंत्र पुन्हा सुरू करावे, तोवर रुग्णाला जागे ठेवावे. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर दवाखाना होता, खाटेशी परिचारिका होती. पंख्याचा विचार तिनं केला नव्हता.

तिनं फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"दुरूनच जोडून थांबा काढते," ती म्हणाली. तिनं की-बोर्ड पुढे ओढला.

इमराननं तिचा हात धरला. "पाचवी वाच. जोडलं की दोषशोधक जुने थांबे स्वतःहून पुन्हा लावतो. मग काढायचा, यंत्र चालू करायचं, ते जागं व्हायला वेळ घेतं. थांबा आधीच निघाला असेल, तर झोपलेल्या माणसाचा चालता श्वास तू बंद करशील."

"आणि निघाला नसेल तर?"

इमराननं हात सोडला.

मोहरीलसाहेब दारातून बघत होते. "रामटेकच्या पोलिसांना कळवा, कोणीतरी जाईल. पण थांबा राहिलाय हे सिद्ध कुठं झालंय? उगाच यंत्राला हात लावू नका. लावला अन् काही झालं, तर ते आपल्या नावावर येईल."

"सर, तो माणूस गुदमरत असेल!"

"किंवा घोरत असेल, ढोमणे."

दोन्ही शक्य होतं, आणि हेच सगळ्यात भयंकर होतं. इमरान पोलिसांशी बोलू लागला. अवंतीच्या कानात घंटा वाजतच होती. आपण स्वतः केव्हापासून श्वास रोखून बसलोय, हे छाती दुखली तेव्हा तिला कळलं. तिनं जोडणी केली. थांबा लागला. तिनं तो काढला, यंत्र सुरू केलं. पडद्यावर श्वासाची पट्टी रिकामीच सरकत राहिली, सरकतच राहिली. मग एक उंचवटा उमटला. मग दुसरा.

दार फोडून शिपाई आत गेले, तेव्हा उईके श्वास घेत होते. डोळे उघडे होते. नाव विचारलं तर ओठ हलले, शब्द आला नाही. पुढेही आला नाही.

हिशोब असा लागला. आवृत्ती वेळेवर बाहेर पडली. तोडगा लेखी होता, म्हणून कंपनीला काही लागलं नाही. मोहरीलसाहेबांना तर नाहीच नाही. पाचव्या अडचणीखाली अवंतीनं एक नवी ओळ घातली, रुग्ण एकटा नसल्याची खात्री करावी, आणि ती गटप्रमुख झाली. किंमत मोजली ती उईक्यांनी, ज्यांना तोडग्यांचं ते पान कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

एक रकाना मात्र अवंतीला अजून भरता येत नाही. ती जोडणी करायच्या आधीच उईक्यांचा श्वास थांबला होता, की ते नुसते घोरत होते?