फर्मिनमामाचं ओलं मीठ

"झुल्मा, हात लावू नकोस त्याला!" लिंबर दारातूनच ओरडला.

पण झुल्माचं बोट आधीच तोंडात गेलं होतं. काचीपाता हे मीठ गोळा करणाऱ्यांचं गाव. इथं मीठ डोळ्यांनी नाही, जिभेनं ओळखतात. खारट तर होतंच, पण पाठोपाठ जिभेला असं काही झोंबलं की तिनं तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! कसलं मीठ आहे हे?"

"ते सोड. हे पाणी कुठून आलं ते सांग!"

कोठाराच्या कोपऱ्यात लोकरीचं विणलेलं पोतं उभं होतं. त्याच्या बुडातून थेंब थेंब गळत होतं आणि ओघळ भिंतीखालून बाहेर गेला होता. पाणी, तेही काचीपातात, ऐन जुलैत! इथं जुलै म्हणजे कोरडी, कडाक्याची थंडी आणि शाळेला सुटी. धुतलेली चादर आधी फळीसारखी कडक होते आणि दुपारपर्यंत खडखडीत वाळते. पावसाचा शेवटचा थेंब मार्चमध्ये पडला होता.

"छप्पर गळत असेल," झुल्माचा आठ वर्षांचा भाऊ एलोय म्हणाला.

"कशानं रे गळेल? उन्हानं?" लिंबर म्हणाला. लिंबर हा त्यांचा चुलतभाऊ. वयानं तेरा, पण ऐट तीस वर्षांची. आज मात्र त्याचा चेहरा उतरला होता. "झुल्मा, बाजूच्या पोत्यातलं आपलं मीठ बघ. कोरडं ठणठणीत! मग हेच कसं ओलं?"

"हे फर्मिनमामानं आणलंय काल. आजच्या जेवणासाठी."

एलोय ओघळामागोमाग बाहेर गेला आणि तसाच धावत परत आला. "ताई, आपली छोटी लामा! ती हे पाणी चाटत होती सकाळी. आता उठतच नाहीये. पाय बघ कसे थरथरतायत!"

तिघं धावले. लोकरीसाठी पाळलेल्या लामाचं ते पिल्लू भिंतीशी पडलं होतं. मान टाकलेली, तोंडाला फेस.

"लिंबर," ती हळूच म्हणाली, "मी पण चाखलंय."

लिंबर भराभर बोलू लागला. "विज्ञानाच्या सरांनी सांगितलं होतं. मिठासारखंच दिसणारं एक असतं, लिथियम क्लोराइड. ते हवेतलं पाणी पितं. इतकं पितं की स्वतःच विरघळून जातं. आणि ज्योतीत टाकलं की लालभडक होतं. आपलं मीठ टाकलं की ज्योत पिवळी."

"ते खाल्लं तर काय होतं?"

"त्या दिवशी मी मागच्या बाकावर झोपलो होतो. अर्धंच ऐकलं!"

"लिंबर!"

"सर शहरात गेलेत, ओरुरोला, सुटीत! सणामुळे दवाखानाही बंद. मी काय करू?"

झुल्मानं आपला हात पुढे धरला. बोटं थरथरत होती. ही भीती की विष? कसं कळणार? तिला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. तासाभरात अख्खं गाव जेवायला बसणार होतं!

आज संत सांतियागोचा सण. यंदाचा यजमान झुल्माचा बाप. चर्चसमोर दगडांच्या चुलींवर तीन मोठ्या कढया रटरटत होत्या. लामाचं मांस, किनव्याचे दाणे, गोठवून वाळवलेले चुन्यो बटाटे. बँडवाले गोठलेल्या बोटांवर फुंकर मारत तुताऱ्या जुळवत होते. नवी टोपी घातलेले बाबा सगळ्यांना हात जोडत फिरत होते.

"बाबा, फर्मिनमामाचं मीठ कढईत नका घालू! ते ओलं आहे, लामा आजारी पडलीय..."

"हळू बोल!" बाबांनी तिचं मनगट पकडलं. "अगं, ते ऐनीत आलंय. आज तो आपल्याला देतो, उद्या आपण त्याला द्यायचं. ऐनीत आलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं. त्यात खोट काढायची नसते!"

पण फर्मिनमामानं ऐकलंच. त्याचा गोल चेहरा पडला. "माझं मीठ वाईट? वा गं भाचे! खास विणलेल्या पोत्यात भरून आणलं मी!"

"माफी माग," बाबा म्हणाले. आजूबाजूचे बघत होते.

"चुकलं, मामा," झुल्मा पुटपुटली. कान तापून लाल झाले होते.

तेवढ्यात आई त्याच ओल्या मिठानं भरलेली वाटी घेऊन आली. यजमानीणबाईनं सगळ्यांदेखत कढईत मीठ घालायचं आणि मगच वाढायला घ्यायचं, अशी गावाची रीत.

"सांडून टाक वाटी! धक्का मार!" लिंबर झुल्माच्या कानाशी फुसफुसला.

"आणि मग? पोतं आहेच की भरलेलं. दुसरी वाटी आणतील, आणि मला घरात कोंडतील!"

तिची नजर भिरभिरली. चुलींपलीकडे गावचे मुखिया वेन्सेस्लाओ आजोबा पाचामामाचा, धरणीमातेचा, वाटा काढत होते. तिला दिल्याशिवाय कुणी घास घेत नाही. आणि तिला सगळं जोडीनं द्यायचं, म्हणून मातीच्या दोन परळांत दारू पेटत होती. दोन निळसर, फिक्या ज्योती.

ज्योती! लिंबरनं अर्धंच ऐकलं होतं. ते अर्धंही चुकीचं निघालं तर? बाबांना गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. पण आईचा हात वाटीत गेला, मूठ भरली...

"आजोबा!" झुल्मा किंचाळली. "मिठाचा वाटा राहिला!"

आईची मूठ कढईवर तशीच थांबली.

"मिठाचा वाटा कधी देतात गं?" कुणीतरी विचारलं.

"मिठावर जगणारं गाव, आणि पाचामामाला अळणी जेवण?" लिंबर लगेच म्हणाला. "बरं दिसतं का ते?"

लोक हसले. आजोबा मात्र हसले नाहीत. "पोरगं बरोबर बोलतंय. आण ती वाटी इकडे."

बाबांचे डोळे झुल्माला जाळत होते. आजोबांनी चिमूट उचलली आणि पहिल्या परळात टाकली.

क्षणभर काहीच झालं नाही.

मग ज्योत भडकली. लाल! डाळिंबाच्या दाण्यासारखी गडद लाल!

"पाचामामा कोपली!" एक बाई ओरडली. बँडवाल्याच्या हातून ढोल निसटला.

"कोपली नाही!" लिंबरनं येताना कोठारातून खिशात घातलेल्या कोरड्या मिठाची मूठ पुढे केली. "आता हे टाका, दुसऱ्या परळात!"

ती ज्योत पिवळीधमक झाली. गर्दी ढकलत दवाखान्याच्या नर्सबाई निल्दा पुढे आल्या. त्यांनी वाटीतलं ओलं मीठ बघितलं, लाल ज्योत बघितली आणि त्यांचा आवाजच चढला.

"कढया झाका! ती वाटी खाली ठेवा! हे लिथियमचं मीठ आहे. कारखान्यात हवा कोरडी करायला वापरतात. फार पूर्वी परदेशात लोकांनी हे जेवणात घातलं होतं, मीठ वर्ज्य असलेल्या रोग्यांसाठी. हातपाय थरथरले, उलट्या झाल्या, काही माणसं मेलीसुद्धा!"

झुल्माचा धीर सुटला. "बाई, मी खाल्लंय!"

"किती?"

"बोटाच्या टोकावर... लामाचं पिल्लू तर पडलंच! माझे हात बघा ना!"

निल्दाबाईंनी तिची नाडी धरली, डोळे बघितले. "ही भीती आहे, पोरी. तेवढ्यानं काही होत नाही. पाणी पी भरपूर, आणि लामालाही पाज. पण या तीन कढयांत ते गेलं असतं, तर दोनशे माणसं माझ्या एका खोलीत मी कुठं झोपवली असती?"

सगळ्यांच्या नजरा फर्मिनमामाकडे वळल्या. तो टोपी चुरगाळत होता. "खाऱ्या मैदानात, ट्रकच्या वाटेवर पडलेलं मिळालं. प्लॅस्टिकच्या पिशवीवर काहीतरी छापलं होतं. चष्मा घरी राहिला होता... आणि ऐनीची वस्तू प्लॅस्टिकातून कशी द्यायची? म्हणून पोत्यात ओतलं. मिठाच्या मैदानात पांढरं पडलेलं, ते दुसरं काय असणार?"

कुणी हसलं नाही. मैदानात पडलेलं मीठ उचलेल त्याचं. तिथल्या प्रत्येकानं ते उचललंच असतं.

आई कढईपाशी मटकन बसली. आपली मूठ ती पाण्यानं धूत होती, पुन्हा पुन्हा धूत होती. बाबा झुल्मासमोर आले. त्यांनी नवी टोपी काढली.

"सगळ्यांसमोर तुला माफी मागायला लावली मी. आता सगळ्यांसमोर माझी घे."

झुल्माचं मघापासून अडवलेलं रडू एकदम फुटलं. एलोयनं तिचा हात घट्ट धरून ठेवला.

नवं मीठ पडलं, वाफाळती ताटं भरली. पहिलं ताट दरवर्षी गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाचं, म्हणजे वेन्सेस्लाओ आजोबांचं. ते आजोबांनी उचललं आणि झुल्माच्या मांडीवर ठेवलं.

"खा बाई," ते म्हणाले. "आज या गावात सगळ्यांत म्हातारी तूच. बाकी आम्ही सगळे पोरंच निघालो."

झुल्मानं दोन्ही हातांनी चमचा धरला आणि हुंदके देत देतच जेवायला सुरुवात केली.